मीटरला सील, मग ॲपला का नाही?

(मोहर्ली येथे तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी भाषण करणारा माणूस नाही, गाडी चालवणारा आहे. इथल्या गेटवर जिप्सी चालवतो. 1 जुलैला ताडोबाचा कोअर बंद झाला की बफरच्या फेऱ्यांत सगळ्यांचं भागत नाही. म्हणून तीन पावसाळे मी नागपुरात दुसऱ्याची गाडी रोजच्या भाड्याने घेऊन ॲपवर टॅक्सी चालवली.

तिसऱ्या पावसाळ्यात एका सकाळी फोन उघडला, तर आयडी बंद. कारण काय, तर ‘प्रवाशाची तक्रार’. कोणता प्रवासी, कोणता दिवस, काही नाही. हेल्पलाइनवर मशीन बोलायची. नऊ दिवस गाडी उभी आणि मालकाचं भाडं चालू. घरी अम्मीला सांगितलं, गाडी बिघडली आहे. दहाव्या दिवशी आयडी आपोआप सुरू झाला. माझी चूक काय होती, ते मला आजही माहीत नाही.

गेटवरही चूक झाली तर फेऱ्या बंद होतात. पण वाघाला गाडी आडवी लावली, वेग जास्त होता, असं कारण तोंडावर सांगतात. साहेबांसमोर उभं राहून आपलं म्हणणं मांडता येतं. दर ठरलेला, नंबर ठरलेला.

आपल्याकडे म्हणतात, मापात पाप नको. रिक्षाचं मीटर वैधमापन विभाग तपासून सील करतो, भाडं परिवहन प्राधिकरण ठरवतं. ॲपसुद्धा मीटरच आहे. फक्त त्याचा काटा कंपनीच्या हातात आहे आणि तो ना चालकाला दिसतो ना प्रवाशाला.

सरकारने काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. केंद्राची पहिली मार्गदर्शक तत्त्वं नोव्हेंबर 2020 मध्ये आली. तरी मार्च 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला कंपन्यांना सांगावं लागलं, की आधी परवान्यासाठी अर्ज करा. 1 जुलै 2025 च्या नव्या तत्त्वांप्रमाणे स्वतःची गाडी असलेल्या चालकाला भाड्यातले किमान 80 टक्के मिळाले पाहिजेत. सोबत 5 लाखांचा आरोग्य विमा आणि 10 लाखांचा मुदत विमा. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यानुसार कंपनीने उलाढालीचा 1 ते 2 टक्के हिस्सा कामगारांच्या निधीत भरायचा आहे.

पण आयडी बंद करण्याआधी चालकाचं ऐकून घ्या, हे त्या संहितेत नाही. शेजारच्या कर्नाटकाने 2025 च्या कायद्यात ते लिहिलं: काढायचं असेल तर लेखी कारण आणि 14 दिवसांची नोटीस. कर्नाटकात होतं, ते महाराष्ट्रात का होऊ नये? माझी मागणी एवढीच आहे.

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या कंपनीपुढे आपण कोण? लंडनमध्ये यासीन अस्लम आणि जेम्स फॅरर हे दोन चालक उबरविरुद्ध 2016 मध्ये न्यायाधिकरणात जिंकले. कंपनी अपिलावर अपील करत गेली. 19 फेब्रुवारी 2021 ला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की हे चालक कामगारच आहेत. एक यासीन, एक जेम्स. एकट्याने झालं नाही.

म्हणून जाता जाता तीन कामं सांगतो. ॲपवर काम करत असाल तर ई-श्रमवर नाव नोंदवा. रोजच्या फेऱ्या, भाडं आणि कंपनीची कपात वहीत लिहा, स्क्रीनशॉट ठेवा. आयडी बंद झाला तर हातात तेवढाच पुरावा असतो. आणि संघटना करा, पण फक्त आपल्या मोहल्ल्याची नको. आपल्या गेटच्या रांगेत गोंड आहे, बौद्ध आहे, कुणबी आहे, मुसलमान आहे. आयडी बंद करताना मशीन जात विचारत नाही. मग एकत्र येताना आपण तरी कशाला विचारायची?

उद्या पहाटेची फेरी आहे, निघतो. खुदा हाफिज.