मात्सुशितांचा कारखाना

श्रोतेहो, रेडिओवरील भाषणास रेडिओच्याच एका गोष्टीनें आरंभ करतों. १९३२ सालीं जपानांत रेडिओच्या एका आवश्यक भागाचें पेटंट एका संशोधकाच्या हातीं होतें व त्यामुळें इतर कारखानदारांची मोठी अडचण होत असे. ओसाका शहरांतील एका कारखानदारानें मोठी रक्कम मोजून तें पेटंट विकत घेतलें आणि आपल्या सर्व प्रतिस्पर्ध्यांना तें विनामूल्य वापरूं दिलें. या गृहस्थांचें नांव कोनोसुके मात्सुशिता. आज पॅनासॉनिक या नांवानें जगभर पसरलेली कंपनी ती यांचीच.

वाकायामा शहराजवळील वासा नांवाच्या खेड्यांत १८९४ सालीं त्यांचा जन्म झाला. वडिलांनीं तांदळाच्या सट्ट्यांत जमीनजुमला घालविला, आणि नवव्या वर्षीं मुलाची शाळा सुटली. ओसाका येथें प्रथम शेगड्यांच्या व नंतर सायकलींच्या दुकानांत तो उमेदवार म्हणून राबला. पंधराव्या वर्षीं तो वीज-कंपनींत लागला. मी स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलेला. पण शाळा सोडूं नका, असें जन्मभर मुलांना बजावीत आलों. त्यामुळें ही हकीकत सांगतांना मनांत थोडा संकोच वाटतो, हें कबूल केलें पाहिजे.

१९१८ सालीं पत्नी व मेहुणा यांना हाताशीं धरून मात्सुशितांनीं स्वतःचा कारखाना काढला. तत्पूर्वींच्या वर्षीं घरांत इतकी ओढाताण होती कीं, पत्नीचीं वस्त्रें गहाण पडलीं होतीं. १९२३ सालीं त्यांनीं सायकलचा दिवा तयार केला. त्या वेळचे बॅटरीचे दिवे दोनतीन तासांत विझत. हा तीस तासांहून अधिक जळे. परंतु दुकानदारांचा विश्वास बसेना. तेव्हां मात्सुशितांनीं दुकानोदुकानीं पेटता दिवा ठेवून दिला आणि सांगितलें, हा किती वेळ जळतो तें पाहा, पटलें तरच पैसे द्या. दिवे जळत राहिले व मागणी येऊं लागली!

मला मात्र या माणसाचें मोल १९२९ सालच्या मंदीच्या प्रसंगांत दिसतें. विक्री निम्म्यावर आली, गुदामें मालानें भरून गेलीं. मात्सुशिता आजारी होते. अर्धे कामगार कमी करावे काय, असें विचारावयास सहकारी त्यांच्याकडे गेले. त्यांनीं उत्तर दिलें तें असें : उत्पादन निम्मे करा, काम अर्धा दिवस चालवा, पण एकाहि माणसास काढूं नका व पगार पुरा द्या, मात्र सर्वांनीं सुटीहि न घेतां सांठलेला माल विकावा. दोन महिन्यांत गुदामें रिकामीं झालीं. कारखान्यांत तेव्हां सुमारें पांचशें माणसें होतीं.

युद्धकाळांत याच कारखान्यानें सैन्यासाठीं लांकडी जहाजें व विमानेंहि बांधलीं, हें लपविण्याचें कारण नाहीं. त्याबद्दल विजेत्या सत्तेनें मात्सुशितांना पदावरून दूर करण्याचें ठरविलें, तेव्हां त्यांना ठेवावें म्हणून हजारों सह्यांचा अर्ज पुढें आला. तो मालकाच्या हस्तकांचा नव्हता. कामगारांच्या संघानें केलेला होता! मालक जागेवर राहिले.

पुढची भरभराट आपल्या परिचयाची आहे. नॅशनल पॅनासॉनिकचा टेपरेकॉर्डर आखातांतून कोणी आणला, तर आळीभर त्याचा बोलबाला होई. मात्सुशिता १९८९ सालीं, चौऱ्याण्णवाव्या वर्षीं वारले. २००८ सालीं कंपनीनें त्यांचें नांव टाकून पॅनासॉनिक हें नांव धारण केलें. पुढें दूरचित्रवाणीच्या धंद्यांत जबर ठोकर बसली. मार्च २०१२ अखेरच्या वर्षींचा तोटा ७७२ अब्ज येनचा होता.

मे २०२५ मध्यें कंपनीनें दहा हजार माणसें कमी करण्याचें जाहीर केलें. त्यांतील निम्मीं जपानांतलीं. अशी कपात पहिलीच होती असें नव्हे. परंतु या खेपेस कंपनी तोट्यांतहि नव्हती. पांचशें माणसांच्या मालकास जें साधतें तें दोन लाखांच्या कंपनीस साधत नाहीं, असें कोणी म्हणेल, व हिशेबाच्या दृष्टीनें तें खरेंहि असेल. मला तो हिशेब समजतो. तरी आजारपणांत पडल्या पडल्या दिलेलें तें उत्तर मला विसरतां येत नाहीं.