आठ दिवे आणि एक स्टँडिंग इन्स्ट्रक्शन

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरीसाहेबांनी मला ‘निवृत्तीनंतरचा छंद’ या विषयावर १० मिनिटं दिली आहेत. बँकेत ३४ वर्षं काढलेला माणूस आहे, तेव्हा वेळेचा ताळेबंद जुळवीन, काळजी नसावी.

माझा छंद म्हणजे छोट्या कॉम्प्युटरला सांगून एलईडी दिवे नाचवणं. टेबलावर पत्त्यांच्या जोडाएवढी हिरवी पाटी आहे ना, ती रास्पबेरी पाय. मुलांनी प्रोग्रॅमिंग शिकावं म्हणून इंग्लंडातल्या केंब्रिजच्या मंडळींनी हा कॉम्प्युटर तयार केला आणि २९ फेब्रुवारी २०१२ रोजी विक्रीला आणला. म्हणजे खरा वाढदिवस चार वर्षांनी एकदा! त्याच्या कडेला ४० पिना आहेत. शेजारची भोकाभोकांची पांढरी पट्टी म्हणजे ब्रेडबोर्ड. पूर्वी हौशी लोक पाव कापायच्या फळीवर खिळे ठोकून सर्किट जोडायचे, त्यावरून हे नाव पडलं. यात एका ओळीतली पाच भोकं आतून जोडलेली असतात. डाग द्यायला नको, वायर नुसती खोचायची.

आता हिशेब बघा. पिनेतून ३.३ व्होल्ट मिळतात. लाल एलईडी त्यातले साधारण २ घेतो. उरले १.३. मध्ये ३३० ओहमचा रेझिस्टर टाकला की सुमारे ४ मिलिअँप प्रवाह वाहतो. पिनेलाही झेपतो, दिव्यालाही पुरतो. रेझिस्टर नसेल तर दिवा ऐपतीबाहेर उचल करतो आणि पिनेलाही गोत्यात आणतो. एलईडीचा लांब पाय पिनेकडे, आखूड पाय ग्राउंडकडे. उलटा लावला तर पेटत नाही. निळ्या-पांढऱ्या दिव्यांना ३ व्होल्टच्या आसपास लागतात, म्हणून या जोडणीत ते मंद दिसतात. सुरुवात लाल-पिवळ्यानंच करावी.

एक गंमत सांगतो. प्रोग्रॅममध्ये ज्या पिनेला १७ म्हणतात, ती मोजायला गेलं तर ११ व्या जागेवर सापडते. खाते क्रमांक वेगळा, लॉकर क्रमांक वेगळा, तसंच हे. तक्ता समोर ठेवायचा आणि मगच वायर खोचायची.

मग येतो प्रोग्रॅम. तो पायथन भाषेत लिहितात, पण बँकवाल्यांना मी सांगतो, ही तर स्टँडिंग इन्स्ट्रक्शन! ‘१७ नंबर लाव, अर्धा सेकंद थांब, बंद कर, अर्धा सेकंद थांब, पुन्हा पहिल्यापासून.’ झालं. तुम्ही थांबवेपर्यंत तो हेच करत राहणार.

एका दिव्याचे आठ केले की खरी मजा. कागदावर आठ रकाने काढायचे. पेटलेल्याला १, विझलेल्याला ०. पहिल्या ओळीत १ पहिल्या घरात, दुसऱ्या ओळीत दुसऱ्या घरात. या ओळी भराभर वाचायला सांगितल्या की उजेड पळायला लागतो. आठ दिव्यांच्या अशा २५६ वेगवेगळ्या ओळी होतात. वायर एकही हलवायची नाही, फक्त कागदावरचा तक्ता बदलायचा. गणपतीत पळता उजेड, दिवाळीत पणतीसारखा हळूहळू फुलणारा. हे फुलणं म्हणजे दिवा सेकंदाला शंभरेक वेळा लावणं-विझवणं. लावलेला वेळ वाढवत नेला की आपल्या डोळ्यांना तो उजळत गेल्यासारखा वाटतो.

मुलांनो, एक नियम मात्र पक्का. भिंतीतल्या २३० व्होल्टचा या पाटीशी थेट संबंध आणायचा नाही. तिच्याच अॅडॉप्टरवर चालवायची आणि वायर बदलताना तोही काढून ठेवायचा.

आता मंडळी, हे सगळं या वयात कशाला? १९८४ साली रंगराजन समितीचा बँकांतल्या यांत्रिकीकरणाचा अहवाल आला, तेव्हा नोकऱ्या जातील अशी धास्ती होती. पुढे कॉम्प्युटर आले, आम्ही शिकलो. पण काय शिकलो, तर कुठलं बटण केव्हा दाबायचं. मशीन विचारायचं, आम्ही भरायचो. आजही मोबाइल हातात घेतला की आपल्या पिढीतल्या कित्येकांचा हात थरथरतो. फोनवर कुणी दरडावलं की आपण घाबरतो. या आठ दिव्यांनी मला एक दाखवलं, की मशीन लिहिलंय तेवढंच करतं. लिहिणारा माणूसच असतो. हे एकदा स्वतःच्या हातानं अनुभवलं की भीती निम्मी होते, आणि निम्मी झालेली भीती आपल्याला विचार करायला वेळ देते.

आपल्या इमारतींत आता बऱ्याच घरांत दोघंच उरली आहेत, काही घरांत एकच. खाली मुलं आहेत, वर वेळ आहे. म्हणून समितीला विनंती, दर रविवारी सकाळी दोन तास सोसायटीचं ऑफिस आम्हाला द्यावं. सामान ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून मी आणीन. पुढच्या गणपतीची रोषणाई आजी-आजोबा आणि नातवंडांनी मिळून करू. तयार माळ बंद पडली की आपण ती फेकतो. आपल्या माळेतला एक दिवा गेला तर तेवढाच बदलू.

चष्मा सोबत आणावा, वयाची अट नाही. नावं माझ्याकडे द्या, रजिस्टर तयार आहे.