मार्कने घेतलेली हमी



१९९६ चा मार्च आठवतो? आपली दहावीची परीक्षा आणि क्रिकेटचा विश्वचषक, दोन्ही एकदमच आले होते. त्या स्पर्धेत सर्वाधिक ५२३ धावा करणारा सचिन आपल्याला पाठ होता. ती स्पर्धा टीव्हीवर विकणाऱ्या माणसाचं नाव मात्र मला नोकरीला लागल्यावर कळलं: मार्क मस्करेन्हास.

मार्क मूळचा बंगळूरचा. अमेरिकेत सीबीएस वाहिनीत काम करून त्याने स्वतःची वर्ल्डटेल कंपनी काढली आणि या विश्वचषकाचे प्रक्षेपण हक्क मिळवले. १९९५ मध्ये त्याने २२ वर्षांच्या सचिनशी ५ वर्षांचा करार केला. त्यात सुमारे ३० कोटींची किमान हमी होती. जाहिराती मिळाल्या नसत्या, तर तोटा मार्कचा!

जानेवारी २००२ मध्ये नागपूरजवळ मोटार अपघातात तो गेला. वय ४४. आपण ते ओलांडलंय.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. नोकरीसाठी आलेले अर्ज वाचते. गुण आणि कॉलेज पाहून निवड करणं सोपं असतं. कुणी सिद्ध होण्याआधीच त्याची हमी घेणं अवघड. आपल्या सर-बाईंनी आपली हमी घेतली होती, तीही बिनकराराची.

ऐरोलीतली मुलं आज आयटी पार्कच्या काचेच्या इमारती रस्त्यावरून पाहतात. आपण प्रत्येकाने यंदा आपल्या शाळेतल्या एकाची तरी डिप्लोमाची फी किंवा पहिली उमेदवारी अंगावर घेऊया. तोटा झाला, तर आपला.