तारामतीची भूमिका बाईनं केली तेव्हा

आज ओळख करून घेऊ दुर्गाबाई खोटे यांची. ‘मुघल-ए-आझम’मधली जोधाबाई आठवते? एकीकडं नवरा अकबर, दुसरीकडं लेक सलीम, अन् मध्ये होरपळणारी आई. त्याच या दुर्गाबाई.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला. त्यात तारामती झाले होते साळुंके नावाचे एक पुरुष, कारण सिनेमात काम करायला बाईच मिळेना! घरंदाज बाईनं तोंडाला रंग लावायचा नाही, असा तो काळ. १९ वर्षांनी, १९३२ साली, प्रभात कंपनीनं कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट केला. त्यात तारामती झाल्या दुर्गाबाई.

मुंबईतल्या सुखवस्तू, शिकलेल्या घरात १९०५ साली त्यांचा जन्म झाला. सासरही श्रीमंत होतं. पण ती श्रीमंती ओसरली. पदरात दोन मुलं. पुढं तरुणपणीच वैधव्यही आलं. कुणाच्या दारात हात पसरण्यापेक्षा स्वतः कमवावं, असं त्यांनी ठरवलं. पहिल्या सिनेमातलं काम छोटंसं होतं, पण टीका भरपूर झाली. ‘खानदानाचं नाव बुडवलं,’ म्हणणारे होतेच. मुलांच्या जेवणाची सोय मात्र त्यांतल्या कुणी करणार नव्हतं. तारामती गाजली अन् बोलणाऱ्यांची तोंडं बंद झाली. त्यानंतर चांगल्या घरच्या मुलींना या कामाची वाट थोडी मोकळी झाली.

त्या काळी नटनट्या एकाच कंपनीत महिन्याच्या पगारावर असायच्या. दुर्गाबाई अशा एका दावणीला बांधून राहिल्या नाहीत. काम बघून कंपनी निवडली. १९३६ सालच्या ‘अमरज्योती’त त्या अन्यायाविरुद्ध उठलेली, जहाजावर हुकूम चालवणारी बाई झाल्या. पुढच्याच वर्षी स्वतः सिनेमाही काढला. ‘पायाची दासी’त सुनेला छळणारी सासू झाल्या, तेव्हा चाळिशीही आली नव्हती. नायिकाच पाहिजे, असा हट्ट नाही. रंगभूमीवर ‘भाऊबंदकी’त ‘ध’चा ‘मा’ करणारी आनंदीबाई त्यांनी उभी केली.

वय वाढलं की बाईला बाजूला सारतात, हे आपण घरात बघतो, शेतात बघतो. दुर्गाबाईंनी वयाबरोबर काम बदललं. नायिकेची आई झाल्या, मग आजी. ‘बिदाई’साठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला तेव्हा त्या सत्तरीला टेकल्या होत्या. जाहिरातपट, माहितीपट बनवणारी स्वतःची संस्था त्यांनी चालवली. दूरदर्शनवरची ‘वागळे की दुनिया’ ही मालिका याच संस्थेची! १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा.

१९९१ साली त्या गेल्या. ‘मी, दुर्गा खोटे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचनालयात मिळालं तर बचत गटाच्या बैठकीत दोन-दोन पानं मोठ्यानं वाचा. वाचता न येणाऱ्या मैत्रिणींना ऐकता येईल.

आणि एक करा. आपल्या गटात कुणी शिवणयंत्र घेऊ म्हणतेय, कुणी आठवडी बाजारात दुकान मांडू म्हणतेय, अन् ‘लोक काय म्हणतील’ म्हणून थांबलीय. पुढच्या बैठकीत तिला आधी बोलू द्या. पहिल्या दिवशी बाजारात तिच्या शेजारी कोण बसणार, तेही तिथंच ठरवा.

पुन्हा भेटूच. नमस्कार.