पावसाळ्यापूर्वी जुन्या ट्रॅक्टरची तयारी : वय झालेल्या मालकांसाठी



मृग तोंडावर आला की आपण बियाणं बघतो, खत बघतो, घरावरचा पत्रा बघतो, वैरण झाकतो. पण दारातला ट्रॅक्टर मात्र तसाच राहतो. पेरणी उरकली, पाऊस लागला, काळ्या रानात वापसा येईना, की तो आहे तिथंच उभा. मग शाळूच्या पेरणीला किंवा उसाच्या गळीत हंगामाला त्याची आठवण होते, आणि सेल्फ मारला की नुसता ‘टक्’ आवाज येतो.

हिमाचल, काश्मीरसारख्या थंड मुलखात शेतकरी बर्फ पडायच्या आधी ट्रॅक्टरची तयारी करतात. तिथं रेडिएटरचं पाणी गोठून इंजिनाचा ब्लॉक फुटण्याची भीती असते. आपल्या मिरज भागात बर्फ नाही. आपल्या ट्रॅक्टरचा वैरी म्हणजे ओल. बर्फ एका रात्रीत फोडतो, ओल चार महिने बसून खाते, एवढाच फरक.

आजचं हे बोलणं मुख्यतः अशा मालकांसाठी आहे, ज्यांचा ट्रॅक्टरही जुना आहे आणि ज्यांचं स्वतःचं वयही साठीच्या पुढं गेलं आहे. बेडग-आरगपासून कवठेपिरान-दुधगावापर्यंत अशा जोड्या पुष्कळ दिसतात. एचएमटीचे ट्रॅक्टर आता कारखान्यातून निघत नाहीत, पण रानात अजून चालतात. ते चालतात ते मालकाच्या हातामुळं. तो हात आता थोडा कापतो, गुडघा दुखतो, पाठ वाकत नाही. म्हणून कामाची वाटणी करून घ्या. कान, नजर आणि वही तुमची. पाठ, गुडघा आणि जॅक पोराचा. मुलगा, सून, पुतण्या, नातू, जो कोणी पुढं हा ट्रॅक्टर चालवणार आहे, त्याला शेजारी उभा करा आणि त्याच्याकडून करून घ्या.

उभा करण्यापूर्वी

पहिलं काम ऑइलचं. पुष्कळजण म्हणतात, “आत्ता कशाला बदलायचं? नुसता उभाच तर राहणार. दिवाळीला बदलू.” हे उलटं आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये काजळी, आम्ल आणि पाण्याचा अंश असतो. तेच चार महिने बेअरिंगला चिकटून राहिलं तर आतून गंज धरतो. म्हणून इंजिन वीस मिनिटं चालवून गरम करा, बंद करा, गरम असतानाच जुनं ऑइल सोडा, फिल्टर बदला, नवं ऑइल कंपनीच्या पुस्तकात सांगितलेल्या नंबरचंच भरा. मग दहा मिनिटं चालवा, म्हणजे ते सगळीकडं फिरेल. जुनं ऑइल विहिरीकडं, ओढ्याकडं ओतू नका. डब्यात धरून ठेवा.

दुसरं डिझेल. टाकी अर्धी ठेवली तर वरच्या हवेतली ओल रात्रीच्या गारव्यानं पत्र्याला धरते आणि थेंब तळाला जातात. डिझेल हलकं, पाणी जड. तेच पाणी पुढं पंप आणि नोझल खराब करतं, आणि पंपाचं काम निघालं की खर्च हजारांत जातो. म्हणून टाकी गळ्यापर्यंत भरा, झाकणाला कुलूप लावा. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी सोडून द्या. झाकणाचं रबर फाटलं असेल तर नवं घाला.

तिसरं रेडिएटर. आपल्याकडं नदीकाठच्या क्षारपड भागात विहिरीचं, बोअरचं पाणी मचूळ असतं. ते रेडिएटरमध्ये घातलं की आत खापरी धरते आणि इंजिन तापतं. इथं बर्फ नसला तरी कूलंट घालावं, कारण ते गंजही थांबवतं. डब्यावर लिहिलं असेल त्या प्रमाणात, शुद्ध पाण्यात मिसळून घाला. इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. वाफेनं तोंड भाजतं.

चौथं हवेची गाळणी. जुन्या ट्रॅक्टरला बहुधा ऑइलची वाटी असलेला एअर क्लीनर असतो. वाटी काढा, तळाचा चिखल खरवडा, खुणेपर्यंत नवं ऑइल घाला. मग सायलेन्सरच्या तोंडावर रिकामा डबा पालथा घाला. उघड्या सायलेन्सरमधून पावसाचं पाणी थेट इंजिनात उतरतं आणि व्हॉल्व्ह गंजून बसतात. एका डब्यानं हे काम वाचतं.

पाचवं ग्रीस. प्रत्येक निपलला जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवं दिसेपर्यंत पंप मारा. पुढचा आस, किंगपिन, स्टिअरिंगचे सांधे, क्लच-ब्रेकचे पेडल, मागच्या लिंका, काही सोडू नका. ग्रीस भरलेल्या जागेत पाणी शिरत नाही. इथं मालकानं जवळ उभं राहून निपल दाखवावेत. चिखलाखाली लपलेला निपल नव्या पोराला दिसत नाही, तुम्हाला ठाऊक असतो.

सहावं बॅटरी. जी तार चेसीला जोडलेली आहे, ती आधी काढा आणि जोडताना ती शेवटी जोडा. म्हणजे पाना लागून ठिणगी उडणार नाही. टोकांवरची पांढरी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, कोरडी करा, व्हॅसलिन लावा. पाणी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. बॅटरी घरात कोरड्या फळीवर ठेवा आणि महिन्यातून एकदा चार्ज करून घ्या. ही बॅटरी वीस-पंचवीस किलोची असते. साठीनंतर ती एकट्यानं उचलू नका. दोघांनी उचला.

सातवं क्लच. बरेच दिवस ओलीत उभा राहिला की क्लचप्लेट चिकटते. म्हणून पेडल दाबून लाकडी ठोकळ्यानं अडकवून ठेवा. मग एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा, “क्लचचा ठोकळा काढा, सायलेन्सरचा डबा काढा,” आणि तो पुठ्ठा स्टिअरिंगला बांधा. चार महिन्यांनी कोण चालू करील याचा नेम नसतो.

कुठं उभा करायचा

जनावरांच्या गोठ्यात नको. मूत आणि शेणाच्या वाफेनं तारा आणि तांब्या-पितळेचे भाग खराब होतात. खताच्या पोत्यांशेजारीही नको. वर पत्रा, खाली मुरूम आणि चाकांखाली फळ्या एवढं पुरे. नांगर, रोटावेटर जोडलेला असेल तर खाली जमिनीवर टेकवून ठेवा, हवेत उचललेला ठेवू नका. फाळ आणि पाती धुऊन, कोरडी करून तेलाचा हात फिरवा. उंदरांवर लक्ष ठेवा. ते वायरी कुरतडतात, गाळणीत घरटं करतात.

काहीजण दर आठ दिवसांनी ट्रॅक्टर चालू करून पाच मिनिटांत बंद करतात. त्यानं फायदा नाही, नुकसानच आहे. इंजिन पुरतं तापत नाही आणि आत धरलेलं पाणी तसंच राहतं. चालू करायचाच असेल तर महिन्यातून एकदा, चांगला अर्धा तास, उघड्या जागी करा. बंद शेडमध्ये कधीही नको. धुरात न दिसणारा विषारी वायू असतो.

मालकाची स्वतःची काळजी

जुन्या ट्रॅक्टरची सवय झाली की माणूस धाक विसरतो. म्हणून चार गोष्टी ठामपणे सांगतो.

खाली उभं राहून, सेल्फच्या दोन टोकांना पाना लावून ट्रॅक्टर चालू करण्याची पद्धत आपल्याकडं फार आहे. तो गिअरमध्ये राहिला असेल तर चालू होताच पुढं उडी घेतो आणि समोरच्या माणसावर चढतो. तरणा माणूस कदाचित बाजूला होईल, सत्तरीचा होणार नाही. किल्ली बिघडली असेल तर आधी ती दुरुस्त करा.

पीटीओ शाफ्टला झाकण असलंच पाहिजे. धोतराचा सोगा, उपरण्याचं टोक, साडीचा पदर त्यात अडकला की हात मारायलाही सवड मिळत नाही. ट्रॅक्टरजवळ काम करताना धोतर कसून घ्या, उपरणं घरी ठेवा.

जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली जाऊ नका. आधी लाकडी ठोकळे द्या, दुसऱ्या बाजूच्या चाकांना दगड लावा, आणि शेजारी एक माणूस असल्याशिवाय हात घालू नका.

नातवाला मडगार्डवर बसवू नका. जुन्या ट्रॅक्टरला उलटल्यावर वाचवणारा लोखंडी दांडा बहुधा नसतो. ओल्या बांधावर, कालव्याच्या कडेला चाक घसरलं तर सावरायला वेळ नसतो. डोळ्याला संध्याकाळी कमी दिसत असेल, छातीत धडधडत असेल, तर चाक पोराच्या हातात द्या. त्यात कमीपणा नाही. इंजिनाचा आवाज ऐकून “नोझल टपकतंय” हे तुम्हीच सांगणार आहात.

पूर आला तर

नदीकाठच्या गावांना हे जास्त लागू आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २००५ साली पाणी ५० फुटांच्या पुढं गेलं, ऑगस्ट २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर गेलं आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५० ओलांडलं. तेव्हा ‘आमच्या दारात कधी पाणी आलं नव्हतं’ हा हिशेब आता धरू नका.

ट्रॅक्टर कुठल्या उंच जागी न्यायचा, कोण नेणार, किल्ली कुठं असणार, हे जूनमध्येच घरात ठरवा. पाणी गावात शिरण्याआधी गावाबाहेरचे ओढे भरतात आणि रस्ता तुटतो. म्हणून ४० फुटांची वाट बघू नका. धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी लागली आणि पाणी चढतंय दिसलं की ट्रॅक्टर हलवा. बॅटरी काढून ठेवली असेल तर त्या दिवसांत ती चार्ज केलेली आणि हाताशी असू द्या. आणि वेळ निघून गेली, रस्त्यावर पाणी आलं, तर ट्रॅक्टर सोडा आणि माणसं, जनावरं घेऊन निघा. वाहत्या पाण्यात ट्रॅक्टर घालू नका. लोखंड पुन्हा मिळतं.

पाणी ओसरल्यावर मोह होतो तो सेल्फ मारून बघण्याचा. तोच मोह ट्रॅक्टर मारतो. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टनला ते दाबता येत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी चिखल धुवा. इंजिन, गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकचं ऑइल काडीवर बघा. दुधासारखं दिसलं तर पाणी शिरलं आहे. ते सगळं सोडून द्यायचं, डिझेलची टाकी रिकामी करायची, नोझल काढून इंजिन हातानं फिरवून पाणी बाहेर काढायचं, सेल्फ आणि डायनॅमो सुकवून घ्यायचा. हे काम मिस्त्रीचं आहे. तो पुराच्या गर्दीत आठ दिवसांनी आला तरी थांबा.

विमा असेल तर चिखल धुण्याआधी फोटो काढा, कंपनीला कळवा, गावकामगार तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या. पण एक ध्यानात ठेवा. जुन्या ट्रॅक्टरचा विमा पुष्कळदा फक्त थर्ड पार्टी असतो. त्यात आपल्या ट्रॅक्टरचं पुराचं नुकसान मिळत नाही. पॉलिसी आजच वाचून घ्या. त्याच वेळी नोंदणीचं पुस्तकही बघा. १५ वर्षांनंतर नोंदणी दर ५ वर्षांनी नवी करावी लागते, आणि वयाच्या ५५ नंतर काढलेला किंवा नवा केलेला चालकाचा परवानाही ५ वर्षांचाच असतो.

पावसाळा संपल्यावर

चालू करण्याआधी पुठ्ठा वाचा. डबा काढा, ठोकळा काढा. गाळणी, वायरी, फॅन बेल्ट बघा. ऑइल, कूलंट, चाकांची हवा तपासा. मग स्टॉप ओढून धरून दोन-तीन वेळा थोडा थोडा सेल्फ फिरवा, म्हणजे ऑइल वर चढेल. त्यानंतरच चालू करा. ब्रेक दोन्ही बाजूंनी सारखे लागतात का, हे मोकळ्या जागी बघूनच रस्त्यावर आणा.

शेवटी एक विनंती. एक शंभर पानी वही घ्या. ऑइल कधी बदललं, कुठल्या नंबरचं, नोझल कुठं करून घेतले, कुठला नट उलट्या आट्याचा आहे, चढावर कुठल्या गिअरला ओढतो, हे सगळं लिहा. लिहिता येत नसेल तर नातवाला सांगा, तो लिहील. हे ज्ञान कंपनीच्या पुस्तकात नाही, ते तुमच्या डोक्यात आहे. ट्रॅक्टरचे भाग बाजारात मिळतील. ही माहिती तुमच्या माघारी कुठंही मिळणार नाही. ओल लागू द्यायची नाही ती लोखंडाला, आणि विसर पडू द्यायचा नाही तो या माहितीचा.

येत्या रविवारपर्यंत ऑइल, डिझेल, ग्रीस, बॅटरी आणि सायलेन्सरचा डबा एवढी पाच कामं तरी उरका. पाऊस वेळेवर येवो, पुरता येवो. नमस्कार.