उजेड पडेल तेवढेच

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



नागपुरात, तेही मे महिन्यात, उन्हाचे गुण सांगायचे म्हणजे धाडसच! पण उन्हात जंतू मरतात, हे आपल्या घरांना ठाऊक आहेच. धान्य आणि गाद्या आपण उगाच गच्चीवर टाकत नाही. 1877 मध्ये डाउन्स आणि ब्लंट यांनी इंग्लंडमध्ये ते प्रयोगाने दाखवले. 1903 मध्ये त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचे उपचार करणाऱ्या नील्स फिन्सेन यांना नोबेल मिळाले.

मात्र अतिनील किरणांतला सर्वांत जहाल पट्टा, यूव्ही-सी, ओझोनच्या थरात अडतो. पारा 45 वर गेला तरी हा पट्टा गच्चीवर उतरत नाही. म्हणून दिवा लागतो. या किरणांनी जंतूच्या डीएनएमधले शेजारचे दोन थायमिन एकमेकांना चिकटतात आणि त्याला स्वतःची प्रत काढता येत नाही. जंतू मरतो म्हणण्यापेक्षा निर्वंश होतो म्हणा.

आजवर हे काम पाऱ्याचे दिवे 254 नॅनोमीटरवर करत आले. पारा विषारी, त्याचा वापर आवरण्यासाठी 2013 मध्ये मिनामाता करार झाला आणि 2018 मध्ये भारतानेही त्याला मान्यता दिली. एलईडीत पारा नसतो. निळ्या एलईडीच्या गॅलियम नायट्राइडमध्ये ॲल्युमिनियम मिसळले की तरंगलांबी कमी होत 265 ते 280 नॅनोमीटरपर्यंत येते. हा एलईडी क्षणात पेटतो, बाटलीच्या झाकणातही मावतो. उणीव अशी, की बहुतेक वीज उष्णतेतच जाते. म्हणून मोठ्या जलशुद्धीकरण केंद्रांत पाऱ्याचा दिवा अजून टिकून आहे.

माझा मुद्दा एवढाच: उजेड पडेल तेवढेच जंतू निकामी होतात. पाणी गढूळ असेल, तर मातीच्या कणाआड लपलेला जंतू सुखरूप राहतो. 1958 मध्ये आपल्या शहरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची संशोधन संस्था निघाली. 1974 पासून ती नीरी. पाणी शुद्ध करण्याच्या शास्त्रातला क्रम साधा आहे: गाळ बसवा, गाळून घ्या, मग निर्जंतुक करा. पावसाळ्यात कन्हान नदीचे पाणी पाहिलेल्याला त्याचे कारण सांगायला नको.

क्लोरीनला न जुमानणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी अतिनील किरणांपुढे हरतो. पण क्लोरीन पाण्यात मागे राहून राखण करते. प्रकाश काहीच मागे ठेवत नाही. शुद्ध पाणी अस्वच्छ माठात ओतले, की केलेली मेहनत वाया.

करोनाच्या काळात अतिनील दिव्यांचा बाजार फुलला, तेव्हा हातांवर ते वापरू नका, असे जागतिक आरोग्य संघटनेला बजावावे लागले. हे किरण डोळे आणि त्वचाही भाजतात. शिवाय निळसर उजेड दिसला म्हणजे मात्रा पुरली असे नाही. पिण्याच्या पाण्यासाठी दर चौरस सेंटिमीटरला 40 मिलिज्यूल मात्रा सामान्यतः धरतात.

म्हणून पाणी शुद्ध करणारे यंत्र घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचारा: तरंगलांबी किती, पूर्ण धार सोडल्यावर मात्रा किती, आणि दिवा क्षीण झाला तर मला कळणार कसे? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर यंत्र तिथेच राहू द्या आणि घरी पाणी उकळून प्या.