वाढवणं आणि लपवणं

अलंकार म्हटलं की आपल्याला शाळेतली कविता आणि परीक्षेतला दोन गुणांचा प्रश्न आठवतो. पण व्याकरणाचं पुस्तक कधीही न उघडलेल्या आजीच्या बोलण्यातही अलंकार असतातच. देवापुढे नारळ फोडायचा, तर ती म्हणते, 'वाढव'. बांगडी फुटली, तर 'वाढवली'. रात्री दुकानदारही दुकान बंद करत नाही, 'वाढवतो'. आणि घरातून निघताना आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो.

नकोशी गोष्ट सरळ न बोलता आडवळणानं सांगण्याच्या या रीतीला पर्यायोक्ती म्हणतात. यात फसवणूक नसते. कारण बोलणाऱ्यालाही आणि ऐकणाऱ्यालाही खरा अर्थ ठाऊक असतो.

तिच्यासारखीच दिसणारी दुसरी आहे व्याजोक्ती. इथे 'व्याज' म्हणजे बँकेतलं नव्हे, तर बहाणा. मुलीची पाठवणी करताना डोळे पुसत वडील म्हणतात, 'होमाचा धूर फार झाला हो!' पर्यायोक्ती शब्द बदलते, व्याजोक्ती खरं कारणच झाकते.

हा फरक घरात आजारपण आलं की महत्त्वाचा ठरतो. रोगाचं नाव घ्यायची भीती जुनीच आहे. एका भयंकर रोगाला आपण 'देवी' म्हणत आलो. अंगावर फोड उठले की 'देवी आल्या' म्हणायचं. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेनं हा रोग जगातून नाहीसा झाल्याचं जाहीर केलं. तो गेला लसीमुळे, आदरार्थी नावामुळे नव्हे.

आजही कर्करोगाला कित्येक घरांत 'तो आजार' म्हणतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलताना ते चालेल. पण खुद्द रुग्णालाच 'साधी गाठ आहे' असं सांगितलं, की पर्यायोक्तीची व्याजोक्ती होते. मग ज्याला उपचारांचा निर्णय घ्यायचा, तोच अंधारात राहतो. डॉक्टरांसमोरही 'जरा बरं वाटत नाही' एवढ्यावरच थांबू नये. कुठे दुखतं, कधीपासून, किती, हे स्पष्ट सांगावं. तिथे शब्दाचा सरळ अर्थ, म्हणजे अभिधाच उपयोगी पडते.

तेव्हा श्रोतेहो, नारळ वाढवावा, दुकान वाढवावं. दुखणं मात्र वाढवू नये.